सव्वीसशे बोडकी झाकणं

वसई पूर्व, कारखान्याचं स्टोअर,
मंगळवार, जेवणाच्या सुट्टीत

ती. रामनाथ भाऊजींना चंद्रहासचा वाकून नमस्कार. (कंबर हल्ली अर्ध्यावर थांबते. उरलेला नमस्कार मनाने पोचवला आहे, तो तेवढा जमा करून घ्यावा.)

पत्राच्या आधी पुडक्यातलं झाकण तुमच्या हाती लागलं असणार आणि ताईने कपाळाला हात लावून "भांडा खंय आसा?" असं विचारलं असणार. भांडं नाही. नुसतंच झाकण आहे, आणि त्याच्या मधोमध जे भोक दिसतंय तिथे मूठ असायला हवी होती. ती का नाही, हे सांगायलाच हा सगळा खटाटोप. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन ताई उचलते, उचलला की स्पीकर लावते, आणि स्पीकर लागला की परसातून शेजारीण "कोण, चंद्रहास काय?" म्हणत येऊन बसते. ही हकिकत तिघांनी मिळून ऐकण्यातली नाही. म्हणून पुडकं सावंतवाडीच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिलंय. आत काचसामान आहे असं त्याला सांगितलंय, नाहीतर तो झाकणावर बसला असता.

तुमचा गुडघा कसा आहे? मागे पाठवलेलं तेल गुडघ्याला लावता, की ताई ते दाराच्या बिजागऱ्यांना घालते? तिची साखर किती निघाली? (खरी सांगा. तपासणीच्या आधी चार दिवस ती गोडाला शिवत नाही आणि पाचव्या दिवशी डॉक्टरांना फसवलं म्हणून शिरा करते, हे मला माहीत आहे.) इकडे आम्ही ठीक. सौ. मीरा तुमच्याकडच्या कोकमांची फार आठवण काढते, म्हणजे कोकमं संपली आहेत. जूचंद्रला आमच्या इमारतीत पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतो आणि त्याची वेळ फक्त त्यालाच ठाऊक असते. ताई मागच्या वेळी म्हणाली की तुम्ही लाकूड कातायच्या लेथवर गोणपाट टाकून ठेवलंय, लाकडी आंबे आणि कलिंगडं आता कुणी विचारत नाही म्हणून. हे ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. (तिसऱ्या दिवशी बांगडे होते.) खरंच वाईट वाटलं, भाऊजी. चाळीस वर्षं फिरलेली लेथ अशी तोंड झाकून बसलेली डोळ्यांपुढे येते.

आता मुद्द्याकडे येतो. सरळ येणार नाही, कारण मुद्दाच सरळ नाही.

आमचा कारखाना तुम्ही कधी पाहिला नाहीत. हरेश शेठच्या वडिलांची इथे भातशेती होती, तिथे शेठनी गाळे बांधले आणि भात पिकायचं तिथे स्टीलचे डबे पिकवायला लागले. शेठ अजूनही पायात चपला अडकवून, बांधावरून फिरावं तसे मशीनांच्या मधून फिरतात. वर्षातले नऊ महिने डबे आणि तीन महिने मोदकपात्रं. मोदकपात्राचं एक बरं आहे, गणपतीच्या आधी ते आपोआप खपतं. आणि एक वाईट आहे, गणपती गेले की ते कुणी फुकटही नेत नाही. यंदा आठ हजारांची मागणी होती. एक खालचं भांडं, एक जाळी, दोन कान, एक झाकण, झाकणावर एक मूठ आणि मुठीला खालून एक स्क्रू. एवढंच. देवळाचा कळस चढवण्यापेक्षा सोपं काम, असं तुम्हाला वाटेल. मलाही सत्तावीस वर्षं वाटत होतं.

या कामाचे आमच्याकडे दोन भाग आहेत. एकाला म्हणतात मास्टर शेड्यूल आणि दुसऱ्याला मटेरियल प्लॅनिंग. घाबरू नका, तुमच्या घरी दोन्ही आहेत. समजा, तुम्ही ओटीवर बसून जाहीर केलंत, "रविवारी दहा माणसं जेवायला, वडे-सागोती." हे झालं मास्टर शेड्यूल. काय, किती आणि कधी, बस्स. मग आतून ताई विचारते की कोंबड्या कुठे आहेत, वड्यांचं पीठ कधी दळायचं, नारळ किती, आणि पीठ शनिवारी हवं तर तांदूळ गुरुवारीच धुवून वाळायला नकोत का. हे झालं मटेरियल प्लॅनिंग. पहिल्याशिवाय दुसऱ्याला काम नाही आणि दुसऱ्याशिवाय पहिल्याला जेवण नाही. पण मान बघा कुणाचा! पाहुणे ढेकर देऊन तुमचीच पाठ थोपटतात. कारखान्यातही तेच. मास्टर शेड्यूल करणारा विघ्नेश वातानुकूलित खोलीत बसतो, आणि मटेरियल बघणारा मी स्टोअरमध्ये, जिथे पंखा आहे पण तो मीच जुन्या मालातून जोडलेला आहे. आमच्या दोघांच्या मध्ये एक काच आहे. त्याला मी दिसतो, मला तो दिसतो, आणि बोलायचं असलं की आम्ही ईमेल करतो.

विघ्नेश तसा गुणी आहे. विरारचा, तिशीतला, बोटांना सारखं सॅनिटायझर लावणारा. पण त्याची एक खोड होती. आठ हजार हवे असले की तो शेड्यूलमध्ये दहा हजार लिहायचा. का, तर स्टोअरवाले नेहमी कमी मागवतात. आणि मी नेहमी कमी मागवायचो. का, तर विघ्नेश नेहमी जास्त लिहितो. त्याचे दहा आले की मी मुकाट्याने पाचवा हिस्सा कापायचो आणि आठाचं सामान मागवायचो. वर पुन्हा प्रत्येक जिनसाचं एखादं पोतं माळ्यावर गुपचूप ठेवायचो, जे कुठल्याही कागदावर नसायचं. (याला चोरी म्हणू नका. तांदळाच्या डब्यात पैसे ठेवणाऱ्या बाईला कुणी चोर म्हणतं का?) सात वर्षं, भाऊजी, सात वर्षं त्याच्या थापेतून माझी थाप वजा करून कारखाना घड्याळासारखा चालला. एक वॉशर कमी पडला नाही. शेठ प्रत्येक दसऱ्याला आम्हा दोघांना नारळ द्यायचे आणि आम्ही तो एकमेकांकडे न बघता घ्यायचो.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना शेठची मुलगी क्षितिजा पुण्याहून शिकून परत आली. पोरगी हुशार आहे, नाव ठेवायला जागा नाही, आणि तेच वाईट. आल्या आल्या तिने नवा संगणक बसवला. त्यात मास्टर शेड्यूल घातलं की मटेरियलची गरज तो स्वतः काढतो. आठ हजार पात्रं म्हणजे आठ हजार मुठी, त्यातून हातात असलेल्या वजा, उरलेल्या मागवायच्या, पुरवठादाराला लागणारे दिवस मोजून अमुक तारखेला मागवायच्या. सत्तावीस वर्षं मी जे डोक्यात करत होतो ते तो पापणी लवायच्या आत करतो, आणि वर चहा मागत नाही. मग तिने आम्हा सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून तासभर भाषण दिलं. संगणकाला खोटं कळत नाही, म्हणाली. तुम्ही जे सांगाल ते तो खरं धरणार. तेव्हा आजपासून प्रत्येकाने खरा आकडा सांगायचा. शेवटी सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. शेठनीही घेतली, पण ते फोनवर होते, त्यामुळे कसली ते त्यांना कळलं नसावं.

आणि काय सांगू, विघ्नेश खरं बोलला! पुढच्या सोमवारी त्याने शेड्यूलमध्ये आठ हजार लिहिले. आठ म्हणजे आठ. मी काचेतून त्याच्याकडे बघितलं तर त्याचा चेहरा एकादशीच्या दिवशीसारखा सोवळा दिसत होता. मलाही भरून आलं. म्हटलं, कालचं पोर सुधारतं आणि आपण काय वाईट? मीही कापलं नाही. त्याच आठवड्यात मालाची मोजणी निघाली, तेव्हा माळ्यावरची माझी सगळी पोती मी स्वतःच्या हाताने दाखवली. क्षितिजा लॅपटॉप घेऊन माझ्या मागे उभी राहून पोत्यांवरची कार्डं वाचत होती. वाचता वाचता कोपऱ्यातल्या एका पोत्याकडे आली आणि म्हणाली, "मूठ, झाकणाची, सव्वीसशे. काका, आहेत ना आत?" मी म्हटलं, "आहेत." भाऊजी, देवाशप्पथ सांगतो, हे खरं होतं. आत मुठीच होत्या, झाकणाच्याच होत्या. तिने आकडा संगणकात घातला. संगणकाने आठ हजारांतून सव्वीसशे वजा केले आणि चोपन्नशे काळ्या मुठी मागवल्या. (बाजारात हल्ली सगळीकडे त्या काळ्याच चालतात, बॅकेलाइटच्या, म्हणजे टणक प्लास्टिकच्या.) मी आयुष्यात पहिल्यांदा एकाच आठवड्यात दोनदा खरं बोललो आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

गेल्या गुरुवारी, अकराच्या चहाच्या आधी, रेजिनाबाईंची लाइन थांबली. या आमच्या जोडणीच्या मुख्य. हाताखाली वीस बायका, कपाळावर आठी, आणि चर्चच्या सणाला अख्ख्या कारखान्याला केक आणणार. त्या स्टोअरच्या खिडकीत एक झाकण घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चंद्रहास, झाकनाला शेंडी नाय. मी काय बोडकी पाठवू?" चोपन्नशे मुठी लागून संपल्या होत्या. मागे सव्वीसशे झाकणं नुसती भोकं घेऊन बसली होती, मुंज झाली पण जानवं नाही अशी.

लगेच मीटिंग. अशा मीटिंगा मी पुष्कळ पाहिल्या, पण इतकं ज्ञान एका खोलीत पहिल्यांदाच पाहिलं. पुरवठादाराला फोन केला तर त्याला मुठी बनवून द्यायला पंचवीस दिवस हवेत, आणि माल दुकानांत पोचायला हवा अठरा दिवसांत. मग संगणकाला विचारलं, आणखी सव्वीसशे मुठी हव्या असतील तर काय करायचं. त्याने क्षणात उत्तर दिलं, मुठींची मागणी गेल्या महिन्याच्या बावीस तारखेला नोंदवा. गेल्या महिन्याच्या! मी क्षितिजाला म्हटलं, याला सांगा की ती तारीख गेली. ती म्हणाली, काका, त्याला तारीख गेल्याचं माहीत आहे, तो फक्त काय करायला हवं होतं ते सांगतोय. म्हणजे आमच्या मीरासारखंच, पण वीज लागते. मग विघ्नेशला विचारलं की शेड्यूल बदलून निदान आधी डबे घेता येतील का. तो म्हणाला, शेवटचे तीन आठवडे शेड्यूल गोठवलेलं असतं, त्याला हात लावता येत नाही, तसा नियम आहे. मुठी नसल्या तरी? नसल्या तरी. म्हणजे मोदकपात्रं ठरल्या दिवशी तयार होणारच आहेत, फक्त होत नाहीयेत. त्यानेच मग बिनमुठीचं झाकण 'नव्या डिझाइनचं' म्हणून खपवायची कल्पना काढली. रेजिनाबाईंनी त्याला वाफेवरचं झाकण नुसत्या हाताने उचलून दाखवायला सांगितलं. तो विषय तिथेच संपला. मग शेठ म्हणाले, "मंग बाप्पालाच सांगू काय, जरा पंधरा दिस उशिरा या म्हनून?" नोंद घ्यायची म्हणून विघ्नेशने ते लिहून घेतलं.

तेवढ्यात क्षितिजा म्हणाली, "पण सव्वीसशे तर स्टॉकमध्ये दिसतायत. माळ्यावर." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. भाऊजी, त्या वेळी जमीन दुभंगली असती तर मी आधी जागा धरून ठेवली असती. पोतं खाली आणलं. रेजिनाबाईंनी स्वतः सुतळी कापली आणि टेबलावर लाकडी मुठी घरंगळत आल्या. शिवणीच्या लाकडाच्या, वर फुगीर, मानेला बारीक, बोटांत अलगद बसणाऱ्या, एकीसारखी दुसरी. तुम्ही आता चष्मा कपाळावर सरकवला असेल. थांबा. पत्र संपलेलं नाही.

मी ओरडा ऐकायची तयारी केली होती. रेजिनाबाईंनी एक मूठ उचलली, झाकणावर धरून बघितली आणि म्हणाल्या, "ही त्या काळीपेक्षा बरी. हात भाजत नाय." क्षितिजाने तर चार फोटो काढले, म्हणाली लाकडी मुठीची पात्रं वेगळ्या खोक्यातून पाठवू, दुकानदार मागून घेतील. शेठनी एक मूठ खिशातच टाकली. (ती मी नंतर परत मागून घेतली.) मग म्हणाले, "ह्या कोनी केल्या?" मी म्हटलं, माझ्या मेहुण्यांनी. "मंग सहा वरसं माळ्यावर काय अंडी उबवत व्हतास?" याचं खरं उत्तर मला त्यांच्याआधी तुम्हाला द्यायचं होतं.

इतकं झाल्यावर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण स्क्रू! सहा वर्षांपूर्वी झाकणाला बारीक स्क्रू लागायचा, आता जाड लागतो. मुठीचं भोक बारीक. शुक्रवारी आमच्या मेंटेनन्सवाल्याने ते यंत्राने मोठं करायला घेतलं. पहिली मूठ फुटली, दुसरी फुटली, अकरावी फुटल्यावर रेजिनाबाईंनी त्याच्या हातातून ड्रिल काढून घेतलं. लाकडाची शीर कुठे जाते ते त्याला कळत नाही, त्याचा दोष नाही, तो जन्मभर लोखंडच भोसकत आलाय. काल शेठनी मला बोलावलं. ओरडले नाहीत, आणि त्याचीच भीती वाटली. म्हणाले, येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी गाड्या निघतील. आठ हजार भरून निघाल्या तर ठीक. नाही निघाल्या तर स्टोअरच्या किल्ल्या विघ्नेशकडे, तू गेटवर बस, तिथे हवा चांगली येते.

किल्ल्या, भाऊजी! सत्तावीस वर्षं हा जुडगा कमरेला आहे. तो काढून ठेवला तर मी एका बाजूला कलून चालेन. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीयत. मला बढती नको, नारळ नको, पण ज्या दाराची किल्ली माझ्याकडे होती त्या दाराबाहेर स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचं जिवावर येतं. मीराला अजून सांगितलेलं नाही. ती मला शेड्यूलमधलं काही कळत नाही असं आधीपासूनच म्हणते.

असो. तुम्हाला काळजी वाटावी म्हणून हे लिहिलं नाही, सहज ख्यालीखुशाली कळवावी म्हणून लिहिलं. प्रकृतीला जपा. ताईला नमस्कार, आणि कोकमांचं तिच्या कानावर घाला, जमेल तेव्हा, घाई नाही.

तुमचा,
चंद्रहास

ता. क. घाई आहे. कोकमांची नाही. भाऊजी, तुमचं हाताने फिरवायचं गिरमिट घेऊन या. त्या मुठींची भोकं तुमच्याच हातून मोठी होतील, दुसऱ्या कुणाच्या नाही. दिवसाला चारशे धरल्या तर सात दिवस लागतील. या शुक्रवारी सकाळी वसईत उतरलात तर पुढच्या शनिवारच्या गाड्या निघतात. मी क्षितिजाला सांगितलं की तुम्ही येताय, आणि तिने लगेच तुम्हाला मास्टर शेड्यूलमध्ये घातलंय. 'भाऊजी, एक नग, शुक्रवार.' त्यावरून संगणकाने तुमच्यासाठी लागणारं साहित्यही काढलं: एक खुर्ची (पाठ असलेली), एक दिवा, दिवसाला सहा चहा. रात्रीचं जेवण त्याला ठाऊक नाही, ते मीराला ठाऊक आहे. म्हणजे आता तुम्ही गोठलेले आहात. तुम्हाला बदलता येत नाही.

आणखी एक. तुम्ही म्हणाल, माझ्या मुठी माळ्यावर कशा? त्या तर कधीच्या विकल्या गेल्या ना? हे लिहायला मला आधीची सगळी पानं लागली. सहा वर्षांपूर्वी तुमचं पोतं ज्या दिवशी इथे उतरलं, त्याच आठवड्यात शेठनी काळ्या मुठी ठरवल्या. बिल त्यांनी चुकतं केलं आणि मला म्हणाले, दे टाकून. माझ्याने टाकवल्या नाहीत, आणि तुम्हाला सांगवलंही नाही. तुम्ही फोनवर "माझ्यो मुठी खंय खंय गेल्यो रे?" विचारायचात आणि मी म्हणायचो पुणे, ठाणे, नाशिक. एकदा तर मी इंदूर म्हटलं. तुम्ही ते गावभर सांगितलंत. देवळातल्या बैठकीत सांगितलंत. एकही मूठ कुठे गेली नव्हती, भाऊजी. एकच गेली. तुम्ही मागितलंत म्हणून मी स्वतः एका झाकणाला बसवून पाठवली, ती तुमच्या घरी ताईच्या मोदकपात्रावर आहे. अख्ख्या जगात तेवढी एकच. तिच्यावर ताई सहा चवथी मोदक उकडतेय, म्हणजे मूठ चांगली आहे याचा पुरावा तुमच्याच चुलीवर आहे. रागावायचं असेल तर रागवा, पण इथे येऊन रागवा. माझं खोटं या चवथीला तुमच्याच हाताने खरं होतंय. पुणे आणि ठाण्याच्या गाड्या ठरल्या आहेत. नाशिकचंही बघतो. इंदूरचं काही सांगू नका.

पुन्हा एक. ताईची एक गेली आणि मेंटेनन्सच्या अकरा फुटल्या, म्हणजे बारा मुठी कमी पडतात. ताईची काढून आणू नका, ती मला जिवंत ठेवणार नाही. बारा नव्या कातून आणा. त्यासाठी लेथवरचं गोणपाट काढावं लागेल, त्याला माझा इलाज नाही. मापासाठी झाकण सोबत आहेच, भोक नव्या स्क्रूचं ठेवा. आणि एखादी जास्त आणा, शेठना खिशात ठेवायला हवी आहे.

शेवटचं. तुम्ही मला ओळखता. चंद्रहास शुक्रवार म्हणतो म्हणजे सोमवारी गेलं तरी चालेल, असं तुम्ही मनातल्या मनात कापणार. तुम्ही कापणार हे धरून मी खरं तर गुरुवार लिहायला हवा होता. हात तिकडे गेलाही होता. पण त्या पोत्यावर एका बाजूला माझं कार्ड आहे आणि दुसऱ्या बाजूला ताईच्या अक्षरात लिहिलंय, 'जपून ठेव.' ते तेवढं मी सहा वर्षं केलं. आज काही वाढवून लिहिलेलं नाही, तुम्हीही कापू नका. शुक्रवार म्हणजे शुक्रवार, भाऊजी. मी बसपाशी उभा असेन, किल्ल्या कमरेला असतील.